विल्यम कॉनरॅड: रेडिओवरचा मॅट डिलन टीव्हीवर का गेला नाही?

पांथस्थ:
'गनस्मोक' हे नाव इथल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलं असेल. अमेरिकेत टीव्हीवर १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चाललेली वेस्टर्न मालिका, ६३५ भाग, डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन आणि त्या भूमिकेत उंचापुरा जेम्स आर्नेस. पण टीव्हीवर येण्याआधी तीन वर्षं ती रेडिओवर चालू होती. तिथला मॅट डिलन होता विल्यम कॉनरॅड.

२६ एप्रिल १९५२ ला सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीच्या रेडिओवर पहिला भाग लागला. निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडॉनेल, मुख्य लेखक जॉन मेस्टन. तोवर रेडिओवरची वेस्टर्न बहुतेक मुलांसाठी असायची. या दोघांना मोठ्या माणसांसाठी गोष्टी सांगायच्या होत्या. त्यांचा डिलन दमतो, वैतागतो, कधी कधी उशिरा पोचतो. माणूस मारला की त्याला त्याचं काहीएक भूषण वाटत नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो स्वतःची ओळख करून देतो, त्यात शेवटी म्हणतो की हे काम माणसाला सावध करतं आणि थोडं एकटंही. कॉनरॅड 'एकटं'च्या आधी क्षणभर थांबतो. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलंय. त्या थांबण्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य कळतं.

मग टीव्हीची वेळ आली आणि सीबीएसनं कॉनरॅडला घेतलं नाही. अंगानं जाड, उंची बेताची, घोड्यावर शोभणार नाही, हेच कारण. गंमत बघा, रेडिओवरची मालिका बंद झाली नाही. १८ जून १९६१ पर्यंत ती चालूच होती. म्हणजे सहा वर्षं अमेरिकेत दोन मॅट डिलन एकाच वेळी काम करत होते, एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा.

माझ्या मते हा सरळ अन्याय होता. तुम्हाला काय वाटतं? आणि कॉनरॅडचं बाकीचं काम कोणी ऐकलं-पाहिलं असेल तर जरूर लिहा.

रानजाई:
गनस्मोक रेडिओवर होतं हेच आज कळलं. वाचतेय.

दूरदर्शी:
धागा चांगला आहे, पण 'अन्याय' पटत नाही. पडद्यावर मार्शल चालत आला की गल्लीतल्या माणसांनी बाजूला सरायला हवं. आर्नेस सहा फूट सात इंच होता, तो नुसता दारात उभा राहिला तरी काम होतं. कॉनरॅडचा आवाज ऐकून प्रत्येक श्रोत्यानं मनात जो डिलन उभा केला असेल, तो आर्नेससारखाच असणार. मग टीव्हीवाल्यांनी श्रोत्यांच्या मनातलाच माणूस शोधून आणला, यात चुकलं काय?

आणि एकट्या कॉनरॅडला वगळलं असंही नाही. डिलनचा मदतनीस चेस्टर करणारा पार्ली बेअर, डॉक्टर करणारा हॉवर्ड मॅकनिअर, सलूनमधली किटी करणारी जॉर्जिया एलिस, चौघांच्याही जागी टीव्हीवर दुसरी माणसं आली. एकाच्या अंगकाठीचा प्रश्न असता तर बाकीच्या तिघांना तरी ठेवलं असतं.

पांथस्थ:
दूरदर्शी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यानं माझंच म्हणणं पक्कं होतं. चौघांनी मिळून ती माणसं घडवली होती. चेस्टरला लेखकानं पूर्ण नावसुद्धा दिलं नव्हतं. बेअरनं एकदा काम करता करता 'चेस्टर वेस्ली प्राउडफूट' असं म्हणून टाकलं आणि तेच राहिलं. डॉक्टरचं 'चार्ल्स अ‍ॅडम्स' हे नाव कॉनरॅडनं सुचवलेलं. भुताखेतांची व्यंगचित्रं काढणारे चार्ल्स अ‍ॅडम्स आहेत ना, त्यांच्यावरून. कारण सुरुवातीच्या भागांत हा डॉक्टर माणूस मेला की शवतपासणीची फी मिळणार म्हणून खूश व्हायचा. टीव्हीवर डॉक्टरचं पहिलं नाव बदलून 'गेलन' झालं, पण 'अ‍ॅडम्स' हे आडनाव तेच राहिलं. ते सुचवणारा मागे राहिला.

खुंटा:
मॅकनिअर म्हणजे 'अँडी ग्रिफिथ शो'मधला फ्लॉइड न्हावी! बेअरसुद्धा त्याच मालिकेत मेयर होता. म्हणजे टीव्हीला त्यांचे चेहरे चालत होते, फक्त डॉज सिटीत चालले नाहीत.

ध्वनिवेडा:
अभिनेत्यांवर चर्चा चाललीय, चांगलंच आहे, पण ही मालिका आवाजाच्या कलाकारांचीही तेवढीच होती. टॉम हॅनली, रे केंपर, बिल जेम्स ही नावं लक्षात ठेवा. हेडफोन लावून कुठलाही भाग ऐका. डिलन ऑफिसमधून बाहेर पडतो. दार, मग लाकडी फळ्यांवर बूट, प्रत्येक पावलाला टाचेच्या काट्यांची किणकिण. फळ्या संपून पाय मातीत पडले की बुटाचा आवाज मऊ होतो. लांब कुठेतरी कुत्रं भुंकतंय, पोरं ओरडतायत, बग्गी जातेय. कोणी बोलत नाही. त्या काळी रेडिओवर इतका वेळ न बोलता राहणं म्हणजे धाडस, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं स्टेशनच गेलं.

आणि मग कॉनरॅड बोलतो, तेही हळू. तो गोळीबाराच्या प्रसंगातसुद्धा आवाज चढवत नाही. 'बंदूक खाली ठेव' हे तो समजूत घातल्यासारखं म्हणतो आणि समोरचा ऐकणार नाही हे आपल्याला त्याच्या स्वरावरूनच कळतं. मायक्रोफोनच्या किती जवळ जायचं, श्वास कुठे ऐकू द्यायचा, याची जाण असलेल्या माणसाचं ते काम आहे. टीव्हीवर हे जमलं असतं का, हा प्रश्नच मला गौण वाटतो. जे केलं ते पूर्ण आहे.

सोनचाफा:
ध्वनिवेडा, किती छान लिहिलंय! मला आमच्या घरचा रेडिओ आठवला. मुंबई केंद्रावरचं 'पुन्हा प्रपंच' लागलं की आई पोळ्या लाटतालाटता आवाज मोठा कर म्हणायची. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भाऊजी म्हणजे प्रभाकर जोशी. तिघांचेही चेहरे कसे आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही वाटली नाही. मीनावहिनींची साडी कोणत्या रंगाची यावर मात्र आमच्या घरात दोन मतं होती. :)

कुडतरकर २०१८ मध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो बघितला आणि वाटलं, हे पंत नव्हेत. पंत वेगळे दिसतात. म्हणून मला दूरदर्शींचं म्हणणं थोडं कळतं. डोळ्यांपुढे एकदा कोणी बसलं की खरा माणूससुद्धा परका वाटतो.

खुंटा:
सोनचाफाताई, साडीचा रंग सांगून टाका, धागा शंभरी गाठेल.

सोनचाफा:
मोरपंखी. आणि यावर चर्चा नको.

जुनाजाणता:
विषय थोडा आपल्याकडे वळलाय तर एक उदाहरण देतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा रेडिओवरची बरीच मंडळी तिकडे दिसायला लागली. बबन प्रभू आणि याकूब सईद दोघेही आकाशवाणीचे. त्यांचा 'हास परिहास' टीव्हीवर किती गाजला हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. तिथे कोणी म्हटलं नाही की चेहरा चालणार नाही. पण हे दोघे विनोदी कलाकार, आणि प्रभू तर फार्सचे बादशहा, रंगमंचावर लोकांनी आधी पाहिलेलेच. विनोदी नटाला कसाही चेहरा चालतो, नायकाला चालत नाही, असं तेव्हाही होतं आणि आताही आहे. कॉनरॅड नायक करत होता हीच त्याची अडचण.

निळावंती:
जुनाजाणता काकांचा मुद्दा अमेरिकेच्या उदाहरणांनी तपासून पाहू.

विनोदी 'अवर मिस ब्रुक्स': रेडिओवर १९४८ पासून, टीव्हीवर १९५२ पासून. ईव्ह आर्डेन तीच, मुख्याध्यापक गेल गॉर्डन तेच. पण नायिकेला आवडणारा लाजाळू शिक्षक रेडिओवर जेफ चँडलर करायचा, तो चांगला देखणा फिल्मस्टार. टीव्हीवर त्याच्या जागी रॉबर्ट रॉकवेल आला. म्हणजे काढून टाकलेला प्रत्येक जण दिसायला कमी होता असं नाही.

उलट उदाहरण 'ड्रॅगनेट'. तो विनोदी मुळीच नाही, पोलिसी आहे. जॅक वेबनं रेडिओवर १९४९ ला सुरू केला आणि टीव्हीवरही स्वतःच सार्जंट फ्रायडे झाला. पण ड्रॅगनेट वेबचं स्वतःचं होतं, तोच निर्माता, तोच दिग्दर्शक. त्याला कोण काढणार?

मला तर वाटतं, प्रश्न चेहऱ्याचा कमी आणि मालकीचा जास्त. गनस्मोक सीबीएसचं होतं. कॉनरॅडच्या हातात फक्त आवाज होता.

दूरदर्शी:
निळावंती, मालकीचा मुद्दा मान्य. पण आणखी एक उदाहरण टाळता येत नाही: 'अ‍ॅमॉस अँड अँडी'. रेडिओवर दोन गोरे लोक काळ्या माणसांचे आवाज काढायचे आणि लाखो लोक ऐकायचे. १९५१ मध्ये टीव्हीवर आल्यावर काळे कलाकार घ्यावेच लागले. कॅमेरा आला की कोण दिसतं याला अर्थ येतो. नेहमी वाईटच अर्थ येतो असं नाही.

निळावंती:
हो, आणि त्या मालिकेवर काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं कडाडून टीका केली तीही योग्यच होती. पण तो पूर्ण वेगळा विषय आहे. एका जाड माणसाला मार्शल होऊ न देणं आणि हे, एका मापानं मोजू नका.

खवय्या:
'जाड माणूस' वरून आठवलं, कोणी 'कॅनन' बद्दल बोललंच नाही! १९७१ ते १९७६, क्विन मार्टिनची निर्मिती. कॉनरॅड म्हणजे फ्रँक कॅनन, खासगी गुप्तहेर, पोलिसातून बाहेर पडलेला, चांगलंचुंगलं खाण्याचा नाद, भलीमोठी लिंकन काँटिनेंटल गाडी. तो धावतो तेव्हा खरंच धापा टाकतो. मारामारीत पोटानं धक्का देतो! मी सगळे भाग दोनदा बघितलेत. स्वयंपाक करता करता केसचा विचार करणारा हेर मला दुसऱ्या कुठल्याही हेरापेक्षा जवळचा वाटतो.

आणि हे बघा, कॅनन कुठे लागायचं? सीबीएसवर! १९७१ ते ७५ अशी चार वर्षं एकाच चॅनेलवर आर्नेसचं गनस्मोकही होतं आणि कॉनरॅडचं कॅननही. ज्या शरीरामुळे त्याला घोड्यावर बसू दिलं नाही, त्याच शरीरावर सीबीएसनं अख्खी मालिका उभी केली. पुढे १९८७ ते ९२ 'जेक अँड द फॅटमॅन', तेही सीबीएसच. तिथे तर नावातच लठ्ठपणा.

रानजाई:
खवय्या, हे भारी आहे. पण शीर्षकातच 'फॅटमॅन' लिहिणं मला आवडलं नाही. वयाच्या सत्तरीपर्यंत त्या माणसाला जाडेपणाचीच ओळख द्यायची?

खवय्या:
खरंय, मलाही खटकतं. कॅननमध्ये त्याचं जाड असणं ही एक गोष्ट होती, पण त्याला हुशारी, चव, दुःख सगळं दिलं होतं. नंतरच्या मालिकेत तेवढी माया नव्हती.

प्रवासिनी:
आम्ही ओहायोत राहतो. माझ्या मुलांना कॉनरॅड वेगळ्याच कारणानं माहीत आहे: 'रॉकी अँड बुलविंकल'. उडती खार आणि सांबर. १९५९ ते ६४ चं कार्टून, निवेदक 'बिल कॉनरॅड'. इतक्या घाईघाईनं, जीव टांगणीला लागल्यासारखं बोलतो की तो डिलनचाच आवाज आहे यावर विश्वास बसत नाही. पात्रं त्याच्याशी मध्येच हुज्जत घालतात आणि तो चिडून उत्तर देतो. डिलन शब्द जपून वापरतो, हा निवेदक शब्द उधळतो. १९५९ ते ६१ मध्ये दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती. आठवड्यात एकदा डॉज सिटीचा दमलेला मार्शल आणि एकदा हा भेदरलेला निवेदक!

ध्वनिवेडा:
प्रवासिनी, उत्तम आठवण. त्यात तिसरा आवाज जोडा: 'द फ्युजिटिव्ह'चा निवेदक, १९६३ ते ६७. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉ. किंबल पळतोय आणि कॉनरॅड बाहेरून त्याची गोष्ट सांगतोय. भावना जवळजवळ काढून टाकलेला आवाज. २९ ऑगस्ट १९६७ ला शेवटचा भाग लागला तेव्हा अमेरिकेत त्या वेळी चालू असलेल्या टीव्हींपैकी ७२ टक्के टीव्हींवर तो दिसत होता. त्या दिवशी धावणं थांबलं, असं शेवटी सांगतो तो कॉनरॅडच. इतक्या लोकांनी एका क्षणी त्याचा आवाज ऐकला, आणि पडद्यावर तो कुठेच नव्हता.

खुंटा:
कोणीतरी त्याच्या आयुष्याबद्दलही लिहा. जन्म, शिक्षण, घरदार?

पांथस्थ:
थोडक्यात लिहितो. जन्म २७ सप्टेंबर १९२०, लुईव्हिल, केंटकी. मूळ नाव जॉन विल्यम कॅन. आईवडिलांचं तिथे सिनेमा थिएटर होतं. पुढे कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात आलं, लॉस एंजेलिसच्या केएमपीसी स्टेशनवर त्यानं काम सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक होता, सैन्य सोडलं तेव्हा कॅप्टन होता आणि सैनिकांसाठीच्या रेडिओवर निर्माता-दिग्दर्शकाचं काम करत होता. युद्धानंतर रेडिओवर अक्षरशः दिवसरात्र काम केलं. आपण साडेसात हजारांवर भूमिका केल्या असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. एकाच दिवसात तीन-चार कार्यक्रम करणाऱ्या लोकांचा तो जमाना, तेव्हा हा आकडा मला फुगवलेला वाटत नाही. ११ फेब्रुवारी १९९४ ला हृदयविकारानं गेला. १९९७ मध्ये रेडिओ हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं, म्हणजे हयातीत नाहीच.

दिग्दर्शनही केलं, सिनेमांचं आणि टीव्हीचं. टीव्हीवरच्या गनस्मोकचे दोन भाग त्यानं दिग्दर्शित केलेत, १९६३ आणि १९७१ मध्ये. सेटवर आर्नेस डिलन करतोय आणि कॅमेऱ्यामागे पहिला डिलन उभा राहून त्याला सूचना देतोय.

दूरदर्शी:
हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे त्यानं मनात अढी धरली नाही. व्यावसायिक माणूस.

निळावंती:
अढी नव्हती हे आपण कसं ठरवणार? काम मिळालं, केलं. घर चालवणाऱ्या माणसाला अढी परवडत नाही. त्यावरून अन्याय झाला नाही असं सिद्ध होत नाही.

सिनेवारी:
उशिरा आलो, पण कॅमेऱ्याला कॉनरॅड चालत नव्हता हे गृहीतच चुकीचं आहे. 'द किलर्स', १९४६. सुरुवातीला दोन मारेकरी एका छोट्या खानावळीत शिरतात, चार्ल्स मॅकग्रॉ आणि विल्यम कॉनरॅड. काउंटरवर बसतात, जेवण मागवतात, मालकाशी मस्करी करतात. कॉनरॅडनं ओव्हरकोट घातलाय, तो त्याच्या अंगाला तट्ट बसलाय, आणि तो नुसता बघतो. तेवढ्यावर त्या खोलीतला प्रत्येक माणूस घाबरतो. दूरदर्शी, तुम्ही म्हणता ना की गल्लीतल्या माणसांनी बाजूला सरायला हवं? इथे सरकलेच असते, पळायला दार नव्हतं म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्ल स्टीफन्सनची मुंग्यांची कथा माहीत असेल. ब्राझीलमधला मळेवाला लायनिंगन आणि त्याच्यावर चालून आलेलं मुंग्यांचं मैलोन्‌मैल सैन्य. १४ जानेवारी १९४८ ला 'एस्केप' या रेडिओ कार्यक्रमात ती झाली. लायनिंगन कोण? कॉनरॅड. शेवटी धरणाचं दार उघडायला तो एकटा मुंग्यांमधून धावत जातो तो भाग ऐकताना मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. १९५४ ला याच कथेवर 'द नेकेड जंगल' हा सिनेमा आला. लायनिंगन झाला चार्लटन हेस्टन. आणि कॉनरॅडही त्या सिनेमात आहे, पण कोण? सरकारी आयुक्त, मुंग्या येतायत असं सांगणारा.

हे गनस्मोकच्या आदल्या वर्षीचं. तेव्हा १९५५ मध्ये जे झालं ती एका चॅनेलची एका वेळची निवड नव्हती, रीतच होती. आवाजातून नायक घडवायचा त्यानं आणि पडद्यावर उंच माणूस उभा करायचा.

जुनाजाणता:
सिनेवारी, हा प्रतिसाद धाग्याचा कळस आहे.

दूरदर्शी:
मी माझ्या मुद्द्यावर अजून आहे, आर्नेस टीव्हीसाठी योग्यच होता. पण सिनेवारींनी दाखवलेली ती खानावळ आज रात्री बघतो. बाकी एक विचारतो: टीव्हीवरची पहिल्या काही वर्षांची कितीतरी कथानकं रेडिओवरचीच होती ना? मेस्टनच लिहायचा?

पांथस्थ:
हो, मेस्टनच्या रेडिओवरच्या कितीतरी कथा पुढे टीव्हीवर आल्या. म्हणून तुलना करणं सोपं आहे. एकच कथा दोन्हीकडे ऐका-बघा. टीव्हीवरच्या डिलनला बघून वाटतं की हा सांभाळून घेईल. रेडिओवरचा डिलन बोलला की वाटतं, सांभाळून घेईल, पण त्याला झोप येणार नाही. किटीचंही तसंच. रेडिओवर तिचं जगणं किती कठीण आहे हे जॉर्जिया एलिसच्या आवाजात लपत नाही. टीव्हीवर ती हळूहळू सलूनची रुबाबदार मालकीण झाली. सीबीएसचे अध्यक्ष विल्यम पेली यांना मुळात फिलिप मार्लो या कादंबऱ्यांतल्या कडवट गुप्तहेरासारखं वेस्टर्न हवं होतं असं सांगतात. तो कडवटपणा रेडिओवर टिकला. माझी तक्रार नुसती कॉनरॅडबद्दल नाही, त्याच्याबरोबर हेही गेलं याची आहे.

रानजाई:
मी आता ऐकायला सुरुवात करणार. कुठून करू? इंग्रजी वेस्टर्नची मला सवय नाही, उच्चार कळतील का?

ध्वनिवेडा:
रानजाई, कॉनरॅडचे उच्चार स्वच्छ आहेत, काळजी नको. आधी 'एस्केप'मधला मुंग्यांचा भाग ऐक, अर्ध्या तासाचा आहे. त्याच कार्यक्रमातला 'थ्री स्केलेटन की' हाही घे, १९४९ चा, दीपगृहावर उंदरांचा हल्ला. त्यातही कॉनरॅड आहे. मग गनस्मोक पहिल्या भागापासून, 'बिली द किड'. सलग ऐकू नकोस, दिवसाला एक पुरे. शक्यतो हेडफोन लाव.

खवय्या:
आणि कॅनन जेवताना बघ.

सोनचाफा:
मी उंदरांचा ऐकला कालच. जेवताना अजिबात नको.